आवडते गेम, अवाढव्य कल्पना आणि जप्त केलेली एक वही



आजचा विषय कुठल्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमात नाही, पण प्रत्येक वर्गात आणि बहुतेक प्रत्येक घरात तो रोज हजर असतो. विषय आहे मुलांचे व्हिडिओ गेम. ‘ठेव तो मोबाइल’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा म्हणतो ते मोजलं, तर आपल्यालाच नवल वाटेल. मीही म्हणते. पण गेल्या वर्षी एका वहीमुळे मी ते वाक्य म्हणायच्या आधी जरा थांबायला शिकले. त्या वहीची गोष्ट आधी सांगते आणि मग तिच्यातून तयार झालेला पाठ देते. वर्गात किंवा घरी, जसा जमेल तसा वापरा.

१. वही

आठवीच्या वर्गाला मी मराठी आणि गणित शिकवते. गेल्या वर्षी पावसाळ्यात, गणिताचा तास चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर वही ठेवून काहीतरी लिहीत होता. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. मी वही ओढून घेतली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘माझे आवडते गेम आणि मी बनवणार असलेले गेम’. मी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. वही कपाटात गेली.

त्याच आठवड्यात वडिलांना बोलावलं. ते ट्रॅक्टर चालवतात, घरची थोडी शेतीही आहे. ते म्हणाले, “मॅडम, फाडून टाका ती वही. मोबाइल पण काढून घेतो त्याचा.” मुलगा शेजारीच उभा होता. मी वही फाडली नाही, पण ‘फाडायला कशाला हवी?’ एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी कपाट आवरताना ती वही हाताला लागली. चाळावी म्हणून उघडली आणि तासभर वाचत बसले. बेचाळीस पानं भरलेली होती! याच मुलानं सहामाहीच्या पेपरात ‘माझा आवडता छंद’ या निबंधाला चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही क्रिकेटवर. आणि इथे कोणी न सांगता नकाशे, तक्ते, कारणं, खाडाखोड करून पुन्हा लिहिलेली वाक्यं! ज्याच्या प्रगतिपत्रकावर मी ‘लेखनाचा कंटाळा’ असा शेरा मारला होता, तो माझ्याच तासाला बसून लिहीत होता.

सुट्टीनंतर वही परत दिली. त्यानं घेतली, दप्तरात ठेवली आणि म्हणाला, “बाई, आता नको. ते सगळं बंद केलंय मी.”

हे वाक्य ऐकून आपण काय घालवलं ते मला कळलं. पुढचा सगळा उद्योग ते भरून काढण्यासाठी होता.

२. सहा की सात?

‘बंद केलंय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पुन्हा सुरू कर’ म्हणून ते सुरू होत नाही. म्हणून मी प्रश्न विचारला. वहीत ‘स्टारड्यू व्हॅली’ नावाच्या गेमवर चार पानं होती. मे महिन्यात मामाकडे गेला असताना मामेभावाच्या लॅपटॉपवर तो हा गेम खेळला होता. आजोबांनी मागे ठेवलेली शेती नातवानं पुन्हा उभी करायची, असा तो गेम. त्यात पार्सनिप नावाचं, गाजरासारखं पण पांढरं कंदमुळाचं पीक आहे. बी २० नाण्यांना मिळतं, ४ दिवसांत पीक तयार होतं आणि साधं पीक ३५ नाण्यांना विकलं जातं. त्या गेममधला एक ऋतू २८ दिवसांचा असतो.

मी फळ्यावर गणित घातलं, “एका वाफ्यात एका ऋतूत किती वेळा पीक निघेल?” आणि मीच उत्तर लिहिलं, २८ भागिले ४ म्हणजे ७.

मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, सहाच.”

मी म्हटलं, “कसं काय?”

तो उठून फळ्यापाशी आला. पहिल्या दिवशी पेरलं तर पीक पाचव्या दिवशी मिळतं. मग ९, १३, १७, २१, २५. पंचविसाव्या दिवशी पुन्हा पेरलं तर ते एकोणतिसाव्या दिवशी तयार होणार. पण अठ्ठावीस दिवसांनी ऋतू बदलतो आणि उभं पीक वाळून जातं. म्हणून सहाच. एका वाफ्यामागे नफा ६ गुणिले १५, म्हणजे ९० नाणी. माझा भागाकार बरोबर होता, पण मी ज्या शेताचं गणित करत होते ते शेत मला माहीत नव्हतं.

वर्ग हसला, पण या वेळी माझ्यावर. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वही पुन्हा बाहेर निघाली.

३. आवडत्या गेमची यादी कशी वाचावी?

मुलाला ‘तुला कोणता गेम आवडतो?’ असं विचारलं की नाव मिळतं. नावातून आपल्याला काही कळत नाही. त्याऐवजी असं विचारा: “त्या गेममध्ये तू नक्की करतोस काय?” उत्तर क्रियापदात द्यायचं, आणि ‘खेळणे’ हे क्रियापद चालणार नाही, एवढीच अट. मराठीच्या तासाला हा उपक्रम आयता बसतो. त्या मुलाच्या यादीतले पाच गेम, त्यांची क्रियापदं आणि त्यावरून वर्गात काय घेता येईल, ते पाहा.

माइनक्राफ्ट: खणणे, रचणे. त्यानं लिहिलं होतं, ‘यात कोणी काही सांगत नाही. आपणच ठरवायचं.’ हा गेम २००९ मध्ये लोकांसमोर आला, २०११ मध्ये पूर्ण रूपात निघाला आणि त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यातला प्रत्येक ठोकळा १ मीटर बाजूचा घन असतो. मग विचारा: ६ मीटर रुंद, ८ मीटर लांब आणि ३ मीटर उंच वर्गखोलीच्या आत किती ठोकळे मावतील? उत्तर १४४. घनफळ ही काय चीज आहे ते इथे डोळ्यांना दिसतं. गेममधला एक दिवस आपल्या २० मिनिटांत संपतो. म्हणजे तिथला काळ आपल्यापेक्षा किती पट वेगानं धावतो? ७२ पट.

स्टारड्यू व्हॅली: पेरणे. नफा-तोटा, शेकडेवारी, दिनदर्शिका हे वर आलंच. पण वहीतलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं: ‘या गेममध्ये पाऊस आला की पाणी घालावं लागत नाही. पण जास्त पावसानं पीक सडत नाही. आमचं सोयाबीन सडतं.’ हे गेमचं परीक्षण आहे, आणि ते शेतकऱ्याच्या मुलानं केलेलं आहे.

टेट्रिस: बसवणे. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत हा गेम केला. ज्या संगणकावर केला त्यावर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी कंसाच्या खुणांनी ठोकळे दाखवले. ठोकळ्यांचे आकार सात, प्रत्येक चार चौकोनांचा. सगळे मिळून २८ चौकोन. मग हे सात आकार ४ बाय ७ च्या आयतात बसतील का? पुठ्ठ्याचे कापून मुलांना द्या आणि झगडू द्या. बसत नाहीत. आयताला बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंग दिला की कारण समजतं. आयतात १४ काळे आणि १४ पांढरे चौकोन असतात. सहा आकार प्रत्येकी दोन काळे आणि दोन पांढरे झाकतात. एकटा टी आकार मात्र एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक झाकतो. त्यामुळे हिशोब कधीच जुळत नाही.

सबवे सर्फर्स: पळणे, चुकवणे. या गेमला शेवटची पायरीच नाही. पळत राहायचं, वेग वाढत जातो, आणि कधीतरी आपटायचं. वर्गात विचारा, “ज्या गेमला शेवट नाही तो थांबवायचं कोण ठरवतं?” सातवी-आठवीची मुलं यावर आपल्याला वाटतं त्यापेक्षा शहाणपणानं बोलतात.

बॅटलग्राउंड्स: ? शंभर जण एका बेटावर उतरतात, खेळायचं वर्तुळ आक्रसत जातं आणि शेवटी उरेल तो जिंकतो. सगळे सारख्याच ताकदीचे असतील तर एकाची जिंकण्याची शक्यता शंभरात एक. मला वाटलं होतं, क्रियापद ‘मारणे’ असेल. त्यानं लिहिलं होतं, ‘मला यात लपायला आवडतं.’ दुसऱ्या एका मुलानं ‘मित्रांशी बोलणे’ असं लिहिलं. गेम एकच, पण प्रत्येक मूल त्यात वेगळी गोष्ट करत असतं. म्हणून गेमच्या नावावरून मुलाला जोखू नका, आधी त्याचं क्रियापद विचारा.

४. अवाढव्य कल्पना

वहीच्या दुसऱ्या भागात तो स्वतः बनवणार असलेले गेम होते. थोडक्यात असे:

१) सगळा महाराष्ट्र. ३६ जिल्हे, एसटीनं कुठंही जाता येतं, प्रत्येक गावात उतरता येतं.
२) सगळे किल्ले. हजार मावळे, एकाच वेळी १०० जण ऑनलाइन.
३) आपलं गाव, जसंच्या तसं, प्रत्येक घर आतून.
४) सोयाबीनचा गेम. पाऊस चांगलाही आणि वाईटही.
५) कधीच न संपणारा गेम.

इथे मोठ्या माणसांकडून दोन चुका होतात. एक म्हणजे हसणं. ती मी करून बसले होते. दुसरी म्हणजे ‘वा, छान! कर हं’ म्हणून विषय संपवणं. दुसरी चूक दिसायला गोड असते, पण तिच्यामुळेही मूल एकटंच पडतं. दोन दिवस झटतं, काहीच होत नाही म्हणून सोडून देतं आणि ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच शिकतं.

मी त्याला एकच हिशोब करायला दिला. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. एका तालुक्याचा नकाशा काढायला एक आठवडा धरला तर किती वर्षं लागतील? त्यानं भागाकार केला, ३५८ भागिले ५२, म्हणजे जवळजवळ सात वर्षं. मग स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे मी एकवीस वर्षांचा होणार.” मी काही बोलले नाही. ‘हे शक्य नाही’ असं मी म्हटलं असतं तर तो माझ्याशी भांडला असता. स्वतः काढलेल्या उत्तराशी कोण भांडणार?

५. मोठ्यांच्या मोठ्या कल्पनांचं काय होतं?

नंतर मी त्याला आणि वर्गाला तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या. तुम्हीही सांगा.

पहिली ‘स्टारड्यू व्हॅली’चीच. अमेरिकेतल्या एरिक बरोन या तरुणानं हा गेम एकट्यानं केला. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रामिंग, सगळं. नोकरी मिळावी म्हणून प्रोग्रामिंगचा सराव करायला त्यानं हे काम हाती घेतलं होतं. त्याला साधारण साडेचार वर्षं लागली. गेम २०१६ मध्ये आला. एकट्या माणसाला मोठं काम जमतं, पण ते रोज थोडं थोडं होतं, हे मुलांना यातून कळतं.

दुसरी ‘नो मॅन्स स्काय’ची. इंग्लंडमधल्या एका छोट्या चमूनं ग्रहांचं आख्खं विश्व असलेला गेम करायचं ठरवलं. ग्रह किती? २ चा ६४ वा घात, म्हणजे १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक तांदूळ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण शिकवतो ना? त्या सगळ्या दाण्यांची जी बेरीज, तिच्यापेक्षा फक्त एकने जास्त. एवढे ग्रह कोणी हातानं काढलेले नाहीत, सूत्रानं तयार होतात. पण २०१६ मध्ये गेम आला तेव्हा खेळणारे रागावले, कारण आधी सांगितलेल्या काही गोष्टी त्यात नव्हत्या. त्या चमूनं नंतर वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देत गेम भरत नेला आणि लोकांचा विश्वास बऱ्याच अंशी परत मिळवला. यातून मुलांना कळतं की आधी करून दाखवावं, मग सांगावं. आणि चुकलं तरी काम टाकून पळू नये.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं ‘राजी’ नावाचा गेम केला. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि दुर्गामाता तिच्या पाठीशी असते, अशी कथा. त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पुरा झाला आणि २०२० मध्ये जगभर खेळला गेला. ‘पुण्यात?’ म्हणून आमच्या वर्गातली मुलं किती सरसावून बसली, सांगता येत नाही. गेम कुठंतरी परदेशातच बनतात, असं त्यांना वाटत होतं.

६. कात्रीचे चार प्रश्न

यानंतर कल्पना कापायला घेतली. पण एक पथ्य पाळलं: कापलेलं काहीही खोडायचं नाही. वहीच्या शेवटी एक ‘नंतरचं पान’ केलं. आत्ता नको असलेलं सगळं तिथं लिहून ठेवायचं. स्वप्न खोडायला सांगितलं की मूल हट्टाला पेटतं, बाजूला ठेवायला सांगितलं की ठेवतं.

मग हे चार प्रश्न:

१) खेळणारा पुन्हा पुन्हा कोणती एकच गोष्ट करतो?
२) त्याला अडवतं कोण किंवा काय?
३) गेम कधी संपतो? जिंकलो आणि हरलो, हे कसं कळतं?
४) हे उद्या दुपारपर्यंत कागदावर खेळता येईल का?

‘सगळे किल्ले’ या कल्पनेला आम्ही हे प्रश्न लावले. हजार मावळे ‘नंतरच्या पाना’वर गेले. ऑनलाइन शंभर जणही गेले. सगळे किल्ले गेले, एक रायगड उरला. आणि मग तोच म्हणाला, “बाई, हिरकणीच करूया. ती एकटीच आहे. मावळे काढायला नकोत.”

हिरकणीची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि तिनं उतरलेला कडा. त्यावरून बुरुजाला तिचं नाव पडलं असं सांगतात. आता चार प्रश्न लावा. ती काय करते? उतरते. तिला काय अडवतं? कडा, दम आणि वेळ. गेम कधी संपतो? पायथ्याशी पोचली की, किंवा हात निसटला की. कागदावर जमेल? नक्की.

७. कागदावरचा गेम: ‘हिरकणी’

साहित्य: चौकटीची वही, एक फासा, एक मणी. नियम असे:

• कड्याच्या १५ ओळी. मणी सगळ्यात वरच्या ओळीच्याही वर ठेवायचा.
• हिरकणीचा दम सुरुवातीला १०. तो १० च्या वर कधीच जात नाही.
• प्रत्येक खेळीत तीनपैकी एक गोष्ट निवडायची. *सावकाश*: एक ओळ खाली, दम कमी होत नाही. *भरभर*: फासा टाकायचा, पडेल तेवढ्या ओळी खाली, तेवढाच दम कमी. *विसावा*: जागेवरच थांबायचं, दम ३ ने वाढतो.
• दम शून्याच्या खाली गेला तर हात निसटला, डाव संपला.

पहिल्या दिवशी सातवीच्या मुलांना खेळायला दिला. सगळे जिंकले आणि सगळे कंटाळले. का? पंधरा वेळा ‘सावकाश’ म्हटलं की पोचतोच की! फासा कोण टाकेल? त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, “अरे, गेम बिघडलेला नाही. त्यात रात्र नाहीये.” तो विचार करत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी नियम घेऊन आला: बाळ भुकेलं आहे, पाचच खेळ्या मिळतील. आता जवळजवळ कोणीच पोचेना. मुलं चिडली.

मग आम्ही फाशाची सरासरी काढली. १ ते ६ ची बेरीज २१, भागिले ६, म्हणजे ३.५. एका ‘भरभर’मध्ये सरासरी साडेतीन ओळी उतरतात आणि साडेतीन दम जातो. तीन ‘भरभर’, एक ‘विसावा’, चार ‘सावकाश’ धरले तर साडेचौदा ओळी होतात. म्हणजे आठ खेळ्यांत पोचणं थोडक्यात जमेल किंवा थोडक्यात हुकेल. आठ ठरवल्या. त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठेनात.

सरासरीचा धडा मी ऑगस्टमध्ये शिकवला होता. तेव्हा तो वही लिहीत होता. तो धडा त्याला डिसेंबरमध्ये समजला, कारण तेव्हा त्याला सरासरी हवी होती.

खेळून बघताना एक नियम कडक पाळा: गेम करणाऱ्यानं त्या वेळी तोंड उघडायचं नाही. तो सारखा मध्ये बोलायचा, “अगं, तसं नाही, आधी फासा...” मी म्हटलं, “तू गप्प बस. जे बोलावंसं वाटतं ते नियमात लिही.” त्यानं ती सूचनांची दहा वाक्यं तीनदा पुन्हा लिहिली. चार ओळींत निबंध उरकणाऱ्या मुलानं, कोणी मार्क देणार नसताना. आपल्या लिहिण्याचा वाचणारा समोर बसून चुकतो आहे, हे दिसलं की मूल वाक्य सुधारतं. लेखन शिकवायची याहून चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

८. संगणक असेल तर

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं ‘स्क्रॅच’ मोफत आहे. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून त्यात गेम करता येतो. त्याचा पडदा ४८० बाय ३६० एककांचा, मधोमध शून्य. आडवा अक्ष उणे २४० ते २४०, उभा उणे १८० ते १८०. निर्देशक भूमिती नववीला येते, इथे ती आधीच हाताला लागते. आमच्या १५ ओळी ३६० एककांत बसवायच्या तर एक ओळ २४ एककांची. हिरकणीला एक ओळ खाली न्यायची तर ‘वाय’ उणे २४ ने बदलायचा. ऋण संख्या म्हणजे काय, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण घाई करू नका. कागदावर जो गेम रंगत नाही, तो पडद्यावर आणला तरी रंगत नाही. आणि संगणक नसेल तरी पाठ अपुरा राहत नाही. आमचा निम्म्याहून जास्त पाठ फासा आणि मण्यावरच झाला.

९. पालकांसाठी चार शब्द

हे वाचून ‘मग काय, खेळू द्यायचं का दिवसभर?’ असं वाटेल. नाही. झोप, अभ्यास, मैदान आणि घरातलं काम यांना जागा उरली पाहिजे, आणि वेळ आधी ठरलेली असावी. मध्येच फोन हिसकावण्यापेक्षा ‘हा डाव संपला की बंद’ असं सांगून पाहा. न संपणाऱ्या गेमला मात्र घड्याळच लावावं लागतं.

डाउनलोड करण्यापूर्वी वयाचा आकडा बघा, ३+, ७+, १२+ असा तो तिथंच लिहिलेला असतो. आपल्या फोनला जोडलेलं बँकेचं खातं मुलांच्या हाती देऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

आणि ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगशी संबंधित विकाराची नोंद आजारांच्या वर्गीकरणात केली आहे, ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. त्यात पाहायच्या गोष्टी तीन: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. हेही साधारण बारा महिने, आणि रोजचं जगणं बिघडवणारं. असं दिसत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, लाजू नका. पण सुट्टीत दोन तास जास्त खेळला म्हणून मुलाला व्यसनी ठरवू नका.

१०. शेवटी

तो मुलगा आता तालुक्याच्या शाळेत नववीला आहे. गणितात अजून काठावरच आहे, उगाच खोटं कशाला सांगू? पण जुलैमध्ये एका शनिवारी शाळेत आला. हातात तीच वही. ‘नंतरच्या पाना’वरून त्यानं सोयाबीनचा गेम परत घेतला होता. बियाण्याची पिशवी, खत, फवारणी, काढणी, सगळ्याचे दर लिहिलेले. मी विचारलं, “हे कुठून आणलंस?”

“पप्पांनी सांगितलं,” तो म्हणाला. “दोन दिवस बसलो होतो आम्ही. पण ते म्हणतात, भाव कोण ठरवणार ते आधी सांग. ते काही मला जमेना.”

ज्या वडिलांनी वही फाडायला सांगितली होती, त्यांनी तिच्यात सगळ्यात अवघड प्रश्न घातला होता. मलाही उत्तर देता आलं नाही. आम्ही तो ‘नंतरच्या पाना’वर लिहून ठेवला.

तर पालकहो, आज संध्याकाळी एवढंच करा. मूल गेम खेळत असेल तर शेजारी पाच मिनिटं बसा आणि विचारा, “यात तू नक्की करतोस काय?” उत्तर मध्ये न बोलता ऐका. आणि शिक्षक मित्रांनो, कपाटात एखादी जप्त केलेली वही असेल, तर ती एकदा उघडून वाचा.